झुलती खुर्ची : आधी ओळख, मग पॉलिश

पिढ्यानपिढ्या परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या घरांत झोपाळ्याच्या जोडीला एखादी झुलती खुर्चीही आढळते. आजोबांच्या पश्चात ती माळ्यावर जाते आणि घराला रंग देण्याच्या वेळी खाली येऊन सुताराच्या स्वाधीन होते. काचकागदाने घासून तिच्यावर चकचकीत रोगण चढले की सर्वांना समाधान वाटते. परंतु त्या घासण्यात खुर्चीची जन्मपत्रिकाच पुसली जाते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून या विषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम खुर्ची उलटी करून पाहावी. हात, पाठ आणि खालच्या कमानी गोल दांड्या वाकवून वळणदार केलेल्या असतील, तर तिचे कूळ व्हिएन्नाचे समजावे. मिखाएल थोनेट (१७९६–१८७१) या कारागिराने बीच वृक्षाच्या दांड्या वाफेवर मऊ करून साच्यात वाकवण्याची रीत सिद्ध केली. वाकवताना बाहेरच्या अंगाचे तंतू ताणून तुटतात; ते तुटू नयेत म्हणून त्या अंगाला धातूची पट्टी आवळून बांधीत. १८५६ मध्ये त्याला या रीतीचे पेटंट मिळाले आणि १८६० मध्ये त्याच्या कारखान्याची पहिली झुलती खुर्ची निघाली. १८६९ मध्ये ते पेटंट संपुष्टात आल्यावर व्हिएन्नाच्याच याकोब व योझेफ कोन यांच्यासह अनेक कारखानदार तशाच खुर्च्या करू लागले. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील गोल पाठीच्या खुर्च्याही याच कुळातल्या.

त्यामुळे केवळ आकारावरून कर्ता ठरत नाही. बैठकीच्या चौकटीच्या आतल्या वा खालच्या अंगाला कागदी चिठ्ठी किंवा तापल्या शिक्क्याने उमटवलेले नाव शोधावे. तेथे काचकागद मुळीच लावू नये. पॉलिश न लागलेल्या जागी लाकूडही पाहावे. बीच फिकट तांबूस असून त्यावर बारीक तपकिरी रेघोट्या दिसतात. साग सोनेरी-तपकिरी व किंचित तेलकट लागतो. शिसव जांभळट काळा आणि वजनाला भारी. सागाची किंवा शिसवीची खुर्ची बहुधा इकडच्याच सुताराच्या हातची असते, आणि तेवढ्याने तिची योग्यता उणावत नाही.

आता पॉलिशकडे वळू. दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश होय. ते खरवडण्याचे कारण नाही. टर्पेंटाइनच्या बोळ्याने जुने मेण व मळ काढावा. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात कापडाच्या पुरचुंडीने द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. नव्या हातातील स्पिरिट जुना थर किंचित मऊ करते, त्यामुळे दोन्ही थर एकजीव होतात. हे काम हवेशीर जागी आणि विस्तवापासून दूर करावे. खुर्चीवर जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नये; त्यात शिसे असण्याचा संभव असतो आणि ती धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक ठरते.

वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचे सांधे बहुतांशी स्क्रूने जोडलेले असतात. ते सैल झाल्यास आवळावेत, खिळे ठोकू नयेत. खिळ्याने दांडी चिरते. वेताची बैठक थोडीच सैल झाली असेल तर खालून कोमट पाण्याने भिजवून सावकाश वाळू द्यावी. वेत आक्रसून ताणला जातो. भोकांतून ताजा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे. पॉलिशच्या आधी तिचा बंदोबस्त करावा. कमानीला चीर असेल तर दुरुस्तीवाचून कोणालाही खुर्चीत बसू देऊ नये.

एक काम मात्र सुताराकडून होणारे नाही. ही खुर्ची कोणी, कोणत्या गावाहून, कोणत्या निमित्ताने आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारावे. मिळेल ते उत्तर सालासह कागदावर लिहून लिफाफ्यात घालावे आणि तो लिफाफा बैठकीच्या चौकटीखाली बांधून ठेवावा. पुढे कोणी ती खुर्ची उलटी करील, तेव्हा त्याला कारखान्याच्या नावाबरोबर आपल्या घराचेही नाव सापडेल.