डावं, उजवं आणि विमान

रविवारी पहाटे गणेशगुडीहून निघून हल्याळच्या पलीकडच्या माळावर खेळण्यातलं विमान उडवायला जाणारी सेहेचाळीस वर्षांची प्राध्यापिका, असं माझं वर्णन हल्ली आमच्या कॉलनीत केलं जातं. त्यातला 'खेळण्यातलं' हा एक शब्द सोडला, तर बाकी सगळं खरं आहे. मी दांडेलीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. विमानाशी माझा संबंध म्हणजे बेळगावला माहेरी जाताना सांबऱ्याच्या बाजूला दिसणारं एखादं विमान, एवढाच. तरीही गेल्या वर्षभरात मी चार फुटी पंखांचं विमान उडवायला शिकले, दोनदा आपटलं आणि एकदा झाडावर अडकवलं. हे का झालं ते सांगायचं तर सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

आमचं घर तुमच्यापैकी अनेकांच्या घरासारखंच आहे. मी खानापूरची, हे हावेरीचे. यांची नोकरी इथल्या वीजकेंद्रात. मुलगा माझ्याशी मराठीत बोलतो, वडिलांशी कन्नडमध्ये. मला तो 'आई' म्हणतो आणि त्यांना 'अप्पा'. एकाच ताटावर बसून दोन भाषांत दोन भांडणं करण्याची त्याची तयारी लहानपणापासूनची. आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने साठवलेल्या पैशांतून फोमचं एक रिमोटचं विमान मागवलं. अभ्यासाचे दिवस, त्यात हे. मी कुरकुर केली, पण गप्प बसले. एका संध्याकाळी त्याने ते कॉलनीच्या मैदानावर उडवलं. वाऱ्याने ते भरकटलं आणि झाडीत जाऊन पडलं. पहारेकऱ्याने ते शोधून आणून दिलं आणि अगदी सौम्यपणे समज दिली: इकडे धरण आहे, तिकडे व्याघ्र प्रकल्प, पुन्हा उडवू नका.

वाचकहो, तो माणूस रागावलाही नव्हता. घाबरले मी. यांची नोकरी, शेजाऱ्यांच्या नजरा, पोराचं बारावीचं वर्ष, सगळं एकदम डोक्यात गेलं. चार लोकांसमोर मी ते विमान हातात घेतलं आणि त्याचा पंख गुडघ्यावर ठेवून मोडला.

मुलगा काही बोलला नाही. त्या दिवसापासून त्याने माझ्याशी मराठी बोलणं मात्र बंद केलं. जेवायला बोलावलं तर "बेडा". परीक्षेचं विचारलं तर "गोत्तिल्ला". सांगितलेलं काम केलं की "आयितु". उद्धटपणा नाही, आदळआपट नाही. मला कन्नड उत्तम समजतं, त्यामुळे तक्रार तरी काय करणार? यांच्या लक्षातही यायला महिना लागला. पण ज्या घरात आईची भाषा वेगळी असते, तिथल्या आईला हे कळेल. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं नव्हतं, मला दिलेली भाषा तेवढी परत घेतली होती. असे चार महिने गेले.

आकाश आधीच भरलेलं

रागाच्या भरात मी वागले ते चूकच, पण पहारेकऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. गणेशगुडी हे विमान उडवण्याचं गाव नव्हे. काळी नदीवरचं सुपा धरण 101 मीटर उंच, 1987 मध्ये पूर्ण झालेलं. त्याच्या पाण्याखाली जुनं सुपा गाव गेलं आणि तालुकाही पुढे जोयडा या नावाने ओळखला जाऊ लागला. भोवतालचं जंगल 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, 2015 मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळालं. अशा हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. आणि उडवावं तरी कशाला? इथलं आकाश आधीच भरलेलं आहे. सकाळी धनेश डोक्यावरून जातो, ज्याला आमच्या घरातली दुसरी भाषा 'मंगट्टे' म्हणते, तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज जुन्या रेल्वे इंजिनासारखा येतो. त्याच्या वाटेत आपल्या मोटरची घरघर नको.

म्हणजे प्रश्न जागेचा होता. माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, हल्याळच्या पलीकडे माळावर काही मंडळी दर रविवारी विमानं उडवतात. मी घरी येऊन मुलाला विचारलं, "जाऊ या का?" तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आयितु."

माळावरची शाळा

क्लब म्हणजे काही इमारत, पाटी, पावती असं नव्हतं. पाच-सहा माणसं, दोन इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण आणि सगळ्यांचे गुरू असलेले हवाई दलातून निवृत्त झालेले काका. काका माझ्याच तालुक्यातले निघाले. मी सतरंजीवर बसून पेपर तपासणार होते. पण मुलाचं पहिलं उड्डाण झाल्यावर काकांनी ट्रान्समीटर माझ्यापुढे धरला. "मॅडम, नुसतं बघून काय कळणार? धरा की!"

मी मुलाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. मी ट्रान्समीटर घेतला.

पुढचे तीन रविवार मात्र मला विमानाला हात लावायला मिळाला नाही. आधी कॉम्प्युटरवर सराव. सिम्युलेटरमध्ये शंभर वेळा आपटलं तरी खर्च शून्य. मग विमानाची ओळख. डाव्या स्टिकवर मोटरचा वेग आणि शेपटीचं उभं सुकाणू. उजव्या स्टिकवर नाक वर-खाली करणं आणि पंख डावी-उजवीकडे झुकवणं. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात. त्यामुळे धड खाली लोंबतं आणि हात सोडला तर विमान बरंचसं आपोआप सरळ होतं. वजनाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. काका सांगत, नाक जड झालेलं विमान कुरकुरत का होईना उडतं, शेपूट जड झालेलं एकदाच उडतं.

शिस्तही तशीच. आधी ट्रान्समीटर चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना उलटं. पंख्याच्या पुढे कधीही उभं राहायचं नाही, कारण लहानसा प्रोपेलरही बोट कापू शकतो. बॅटरी पूर्ण संपेपर्यंत उडवायचं नाही. आमच्या विमानाची 11.1 व्होल्टची बॅटरी आठ-दहा मिनिटं पुरते, पण सहाव्या मिनिटाला घड्याळ वाजतं आणि उतरायची तयारी सुरू होते. काकांच्या तरुणपणी प्रत्येक संचाची लहर ठरलेली असे. एका लहरीवर दोघांनी संच चालू केले की विमान कोसळलंच. म्हणून मैदानावर फळीला कपड्यांचे चिमटे लावलेले असत. ज्याच्या हाती त्या लहरीचा चिमटा, त्यानेच उडवायचं. आताचे 2.4 गिगाहर्ट्झचे संच आपापलं विमान ओळखतात, त्यामुळे चिमटे पुन्हा दोरीवर गेले.

शिकवण्याची पद्धत मला, एक शिक्षिका म्हणून, फार आवडली. दोन ट्रान्समीटर एका केबलने जोडतात. गुरू आपल्या संचावरचं बटण दाबून धरतो, तोवर विमान शिष्याच्या हातात. बटण सोडलं की क्षणात गुरूकडे. वर्गात अशी सोय असती तर!

माझी पहिली चूक तीच, जी सगळे करतात. विमान वेग कमी होऊन खाली येऊ लागलं की वाटतं, स्टिक ओढावी, नाक वर करावं. पण पंखाला उचलते ती वेगाने वाहणारी हवा. वेगच नसताना नाक वर केलं तर उरलेली उचलही जाते आणि विमान दगडासारखं पडतं. काका ओरडायचे, "पडतंय म्हणून ओढू नका की! नाक खाली, वेग येऊ दे!" पहिल्या खेपेला मी ओढलं आणि मातीत नाक रुतलं. घाबरून ओढायची माझी सवय काही विमानापुरती नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आई, डावीकडे!

दुसरी अडचण मोठी. विमान आपल्यापासून दूर जात असतं तोवर त्याचं डावं ते आपलं डावं. ते वळून आपल्याकडे येऊ लागलं की सगळं उलटं. कन्नडमध्ये डावीकडे म्हणजे 'एडक्के' आणि उजवीकडे 'बलक्के'. गोंधळ झाला की काका दोन्ही भाषा एकदम ओरडत आणि माझ्या डोक्यात चार दिशा होत. यावर एक तोडगा आहे. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकेल, त्याच बाजूला स्टिक ढकलायची. झुकलेल्याला खालून आधार द्यायचा, म्हणजे तो वर येतो. हे कागदावर सोपं वाटतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काकांनी केबल काढून टाकली. "आता तुमचं तुम्ही." पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. उतरवण्यासाठी मी वाऱ्याला सामोरं वळवलं. विमान आमच्याकडे येत होतं, वीसएक फुटांवर असेल, आणि डाव्या हाताचा पंख झुकला. मी घाबरून स्टिक उजवीकडे नेली. पंख आणखी झुकला. काकांच्या हातात काहीच नव्हतं.

"आई, डावीकडे! डावीकडे ढकल!"

मी ढकललं. पंख वर आला, विमान धाडकन गवतात टेकलं, घसरलं आणि थांबलं. मुलगा धावत गेला. विमान काखेत घेऊन परत आला आणि म्हणाला, "प्रोपेलर गेला, आई. पण छान उतरवलंस."

मी चष्मा पुसायला लागले. काकांना वाटलं धूळ गेली.

त्या रात्री मी त्याच्या खोलीत गेले आणि पंख मोडल्याबद्दल माफी मागितली. चार महिने उशीर झाला होता. तो काही बोलला नाही. कपाटामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो मोडका पंख काढला आणि म्हणाला, "बांबू तासून देशील?" आपल्या भागात बांबूची काय कमतरता! मी कामटी तासली, त्याने दोन्ही तुकड्यांत खाच पाडून ती बसवली आणि गोंद भरला. यांनी दारातून डोकावून विचारलं, काय चाललंय? दोघांनी दोन भाषांत उत्तर दिलं.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी

हा छंद जुना आहे. निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिनतारी नियंत्रणावर चालणारी होडी लोकांना दाखवली. 1937 मध्ये अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी रेडिओवर चालणारं मॉडेल विमान यशस्वीपणे उडवलं. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमानं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. पुण्याच्या सदानंद काळे यांनी आपल्या प्रात्यक्षिकांतून अनेक मुलांना याची गोडी लावली.

मला सर्वांत भावते ती मेनार्ड हिल यांची गोष्ट. ऑगस्ट 2003 मध्ये त्यांचं पाच किलोंहून कमी वजनाचं विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघून 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. सुमारे तीन हजार किलोमीटर समुद्र! आधीची विमानं अपयशी ठरली होती. तेव्हा हिल सत्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. विमान उतरवलं ते त्यांच्या मित्राने.

नियम मात्र आधी समजून घ्या. 2021 च्या ड्रोन नियमांनी देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलं आहे. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडवायला हवाई परवानगी लागत नाही. विमानतळाजवळ, लष्करी जागांजवळ आणि जंगलाच्या हद्दीत मनमानी चालत नाही. विमान कायम डोळ्यांच्या टप्प्यात हवं. जागामालकाला विचारा, माणसांच्या आणि गुरांच्या डोक्यावरून उडवू नका. आणि पहिलं विमान फोमचंच घ्या, कारण ते पडणार आहे.

मुलगा आता हुबळीला मेकॅनिकलला आहे. शनिवारी संध्याकाळच्या बसने येतो आणि रविवारी आम्ही दुचाकीवर माळावर जातो, मध्ये विमानाचं खोकं. बांबूच्या जोडाचा तो पंख अजून उडतो. जोड लांबून दिसतो, लपवायचा प्रयत्न आम्ही केला नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. रागावला की तो अजूनही माझ्याशी कन्नड बोलतो. त्याला राग आलाय की नाही हे मला आता विचारावं लागत नाही, एवढी सोय झाली आहे. मागच्या महिन्यातच फोनवर दोन आठवडे कन्नड चाललं होतं. रविवारी विमान वर गेलं, वारा थोडा आडवा होता, आणि तो मागून म्हणाला, "हगुर, आई, हगुर. घाई करू नकोस."

अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी तेवढ्यावर समाधान मानलं आणि विमान उतरवलं.