कानातले खडे, भिंतीतले दगड

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यात जमीन हलली. तीव्रता 4.5. दहा-बारा मिनिटांत 3.6 चा दुसरा हादरा आला. पार नांदेडपर्यंत लोक घराबाहेर धावले. किल्लारीचा 1993 चा भूकंप 6.2 चा होता, म्हणजे त्यात या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा होती. पण हे गणित ऐकून कुणाच्या छातीतली धडधड थांबलीय?

थांबत नाही, कारण धावायचा निर्णय गणित करणारा मेंदू घेतच नाही. आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. चक्क चुनखडीच ती. एका चिकट थरावर ते बसलेले असतात आणि त्याखाली केसाळ टोकांच्या पेशी. शरीर हललं की हे खडे जडत्वामुळे किंचित मागे राहतात, केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. भूकंपमापक यंत्रही याच तत्त्वावर चालतं : चौकट हलते, वजन मागे राहतं. म्हणजे वेधशाळेत जे यंत्र मांडून ठेवलंय, तशाच युक्तीचं एकेक प्रत्येकाच्या दोन्ही कानांत जन्मापासून आहे.

ही खबर पोचते त्या वाटेवर मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. धोका शिकणं हे त्याचं काम, आणि शिकण्याची त्याची रीत थक्क करणारी आहे. पाढे पाठ व्हायला महिने लागतात, जिवावरचा धोका एका खेपेत पाठ होतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हा धडा गिरवला गेला तो झोपेत. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांच्या मेंदूने धोक्याच्या यादीत काय काय टिपलं असेल? हादरा तर आलाच, पण अंधार, छप्पर, मातीचा वास आणि डोळा लागणं, हेही. मग ‘रात्री झोपच लागत नाही’ या तक्रारीला वेडेपणा कसं म्हणायचं? झोपेत घात झाला, म्हणून शरीर झोपेवरच पहारा देतं.

महिन्याभरात तिथे पोचलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्या काही जणांची तपासणी केली. नमुना छोटा होता, पण त्यातल्या 59 टक्के लोकांत कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. मुख्यतः आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, आणि नैराश्य. हा अहवाल 1996 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअट्रीत छापून आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही भूकंपग्रस्तांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेकडे सोपवला. प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे. होय, ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते भीती ओसरण्याचं शास्त्र. बहुतेकांची भीती हळूहळू ओसरते, पण ती पुसली जात नाही. मेंदू जुन्या धड्यावर नवा धडा लिहितो : इथे आता सुरक्षित आहे. यातला ‘इथे’ फार महत्त्वाचा. नवा धडा जागेला बांधलेला असतो, जुना कुठेही जागा होतो. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा किल्लारीनंतर एकोणतीस वर्षांनीही लोकांच्या पोटात गोळा आला, तो यामुळेच.

मग भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, त्याने काय झालं? छप्पर हलकं, बांधकाम भक्कम. त्याबाबत तक्रार नाही. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती आणि ओट्यावरून हाक मारली की शेजारीण ओ द्यायची. नव्या गावांत रुंद, सरळ, काटकोनी रस्ते आले, घरांमध्ये अंतर आलं, भावकी कुठल्या कुठे गेली. आघातानंतर कोण सावरेल आणि कोण नाही, हे ठरवणाऱ्या मोठ्या गोष्टींत आधाराची माणसं जवळ असणं येतं, हे जगभरच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे गावाचा नकाशा आखणारा अभियंता नकळत मानसोपचाराचाही आराखडा आखत होता. त्याला ते कुणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

वर्षश्राद्धाची गोष्ट तर याहून चमत्कारिक. आघाताचा दिवस जवळ आला की झोप उडणं, जीव घाबरा होणं हे डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. इतरांना असा दिवस वर्षातून एकदा येतो, किल्लारीकरांना दोनदा. त्या रात्री लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. त्यामुळे एक आठवण 30 सप्टेंबरला पक्की बांधलेली, आणि दुसरी अनंत चतुर्दशीला, जी दरवर्षी सरकते. कधी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ढोल वाजतात, कधी महिनाअखेरीस. चंद्र-सूर्याचं गणित एकोणीस वर्षांनी जुळतं आणि तिथी-तारीख पुन्हा शेजारी येतात. 2012 मध्ये तसं झालं : विसर्जन 29 सप्टेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी 30 तारीख.