एनडीएवरच्या कथा: आधी नियम, मग यादी

समजा, खडकवासल्याची एनडीए आणि तिथून बाहेर पडलेले अधिकारी यांच्यावरच्या कादंबऱ्या, कथा, सिनेमे जमवून तुम्हाला सूची करायची आहे. दिसेल ते गोळा करू नका. आत काय घ्यायचं, हे आधी लिहून ठेवा.

'प्रहार' (१९९१) घ्या. त्यात आपल्या कोल्हापूरशेजारच्या बेळगावचं कमांडो प्रशिक्षण आहे, एनडीए नाही. 'लक्ष्य'चा (२००४) नायक डेहराडूनच्या आयएमएत घडतो, म्हणजे तोही बाहेर. पण गोची अशी, की एनडीएत तीन वर्षं काढलेला लष्कराचा कॅडेट पुढचं वर्ष आयएमएतच काढतो. एकच पात्र दोन्हीकडचं असू शकतं. म्हणून 'कथेची जागा' आणि 'पात्राची संस्था' हे रकाने वेगळे ठेवा. एकात कोंबलंत, तर मोजणी गेलीच.

'मेजर'मधले (२०२२) संदीप उन्नीकृष्णन खरोखर एनडीएचे. मी असा सिनेमा वगळणार नाही, 'सत्याधारित' असा शेरा देईन.

संस्थेचं नावच आलं नसेल, तर 'उल्लेख नाही' लिहा, 'नाही' नको. रीडिंग शून्य येणं वेगळं आणि रीडिंग न घेणं वेगळं, हे विज्ञानवाल्यांना काय सांगायचं!

कथेतला काळ आणि प्रकाशनवर्ष, दोन्ही नोंदवा. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली. त्याआधीच्या कादंबरीत तिथे मुलगी कॅडेट दिसली, तर तो लेखकाचा गोंधळ की कल्पना, हे सूचीत ठरवत बसू नका. पृष्ठक्रमांक टाका आणि पुढे चला.