अभयदानाचे मोल : तुकाराम ओंबळे

गृहस्थाश्रम आणि कर्तव्य यांची सांगड घालणे किती कठीण असते, हे पोलिसाच्या घरात विशेष जाणवते. सणवार असो, मुलांची परीक्षा असो वा घरातील आजारपण. बंदोबस्ताची वेळ चुकवता येत नाही. मुंबई पोलीस दलातील सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचे घरही याला अपवाद नव्हते.

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे मूळ गाव. सैन्यातील सेवेनंतर १९९१ मध्ये ते मुंबई पोलीस दलात आले. पत्नी आणि चार मुली असा त्यांचा संसार होता. निवृत्ती जवळ येऊ लागली की चार मुलींच्या पित्यापुढे शिक्षण, विवाह आणि निवृत्तिवेतन यांचा हिशेब उभा राहतो. अशा माणसाने स्वतःला जपले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत दोन दहशतवाद्यांची मोटार अडली. एक जण पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. दुसऱ्याच्या हाती रायफल होती आणि ओंबळे यांच्याजवळ केवळ काठी. त्यांनी पुढे होऊन रायफलीची नळी दोन्ही हातांनी पकडली. गोळ्या शरीरात शिरत असतानाही पकड सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. ओंबळे मात्र वाचले नाहीत.

जैन आचारशास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. श्रावकाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा. रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा मात्र गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही. ओंबळे यांच्या हातून तर तीही घडली नाही. त्यांनी सहकाऱ्यांना अभय दिले आणि मारेकऱ्याचा प्राणही न घेता त्याला न्यायासनापुढे उभे राहू दिले. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही पायऱ्यांवर त्याचे म्हणणे ऐकले गेले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला फाशी झाली. कटाचे धागेदोरे जगापुढे आले, ते तो जिवंत हाती लागल्यामुळेच.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान झाले. २०२१ मध्ये कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. एका लहानशा जीवाच्या नावात हे स्मरण जपले जावे, हे जीवदया मानणाऱ्यांना निश्चितच भावेल.

तथापि कोणताही सन्मान मुलींना त्यांचा पिता परत देऊ शकत नाही. पर्युषणानंतरच्या रथयात्रेत रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभ्या असलेल्या पोलिसाच्या घरीही कोणीतरी त्याची वाट पाहत असते. त्याला पाण्याचा पेला देताना आणि दोन शब्द आपुलकीने बोलताना ओंबळे यांचे स्मरण व्हावे.