ओल, बुरशी आणि घरातील हवेची वाट

टेमघर धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या मुठा गावात पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला वाटा, अनेकदा 80 टक्क्यांवर जातो. जुन्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई आणि त्याच्या उबेने वासे कोरडे राहत. अर्थात त्याची किंमत स्वयंपाक करणाऱ्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे मोजत, हे विसरता येत नाही. स्लॅबच्या घरात ती वाट बंद झाल्याने गार भिंतीवर, विशेषतः कपाटामागे, बाष्प साचून काळी बुरशी धरते.

बुरशी भिंतीवरच नव्हे, घरात हवा खेळवणाऱ्या यंत्रणेतही धरू शकते. हिमवर्षावाच्या प्रदेशांत गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्यांत खेळवतात. त्या नळ्यांची सफाई नेमाने करण्याची शिफारस अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था करीत नाही; बुरशी दिसल्यास, उंदीर-किडे शिरल्यास किंवा धुळीने नळी तुंबल्यासच ती करावी, असे तिचे मत आहे. आपल्याकडील स्प्लिट एसीला अशा नळ्याच नसतात, त्यामुळे धुवायची ती जाळी, गार होणारी कॉइल आणि तिच्याखालचा ट्रे. या ट्रेची निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबली, तर पाणी भिंतीतच मुरते.