बॅट बघा, हुरडा खा

थंडीतल्या रविवारी पुण्यात असाल तर सहकारनगरातलं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' क्रिकेट संग्रहालय गाठा. माजी क्रिकेटपटू रोहन पाटे यांनी जमवलेल्या या खजिन्याचं उद्घाटन २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरनं केलं. दिग्गजांच्या सह्यांच्या बॅटींपुढून पोरं हलत नाहीत. मोठी माणसं तर त्याहून नाहीत!

मग नगर रस्त्याला हुरडा. ज्वारीचा दाणा दुधात असतो तोवरच ही चैन; तो टणक झाला की संपलं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गूळभेंडी वाण मिळाला तर सोडू नका. शेव घालून खाणाऱ्यांशी माझं जमत नाही. निघण्याआधी संग्रहालयाच्या वेळा तेवढ्या विचारून घ्या.