दोन माइकमध्ये मावणारा ड्रमसेट

प्रतिनिधी

गाणे बसलेले असते, गिटार आणि कीबोर्ड घरच्या घरी संगणकावर उतरवून झालेले असतात. अडते ते ड्रमसेटपाशी. बास ड्रम, स्नेअर, दोन-तीन टॉम, हाय-हॅट आणि वरच्या झांजा अशा सात-आठ वाद्यांचा हा संसार, आणि हाताशी असलेल्या साउंड कार्डाला इनपुट दोनच. मुंबईपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटरवरच्या बदलापुरातून सारा ड्रमसेट घेऊन शहरातला स्टुडिओ गाठायचा, तर टेम्पोचे भाडे आणि तासावारी मोजावे लागणारे पैसे हौशी वाद्यवृंदाला झेपत नाहीत. मग संगणकातला तयार ठेका गाण्याखाली ठेवला जातो आणि महिनोन्‌महिने तालीम केलेला ड्रमर स्वतःच्याच गाण्यातून बाहेर पडतो.

वास्तविक प्रत्येक ड्रमला स्वतंत्र माइक ही पुष्कळ नंतरची चैन आहे. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी तर माइकच नव्हता. वादक एका भोंग्यासमोर बसत आणि मोठ्या ड्रमच्या दणक्याने तबकडीवरची सुई उडेल या धास्तीने तो दूर ठेवत किंवा वगळत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर यांनी पाश्चात्त्य तालवाद्यांना मानाचे स्थान मिळवून दिले, तो काळही मोजक्या माइकांचा आणि एकाच मार्गिकेवरील मुद्रणाचा होता. गायक, वादक सारे एकाच वेळी गात-वाजवत. कोणी कुठे बसायचे यावर निम्मे मिश्रण ठरत असे.

इंग्लंडचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच विचाराची. १९६८मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपलिनचा पहिला संच त्यांनी मुद्रित केला. त्यांच्या मांडणीत एक माइक स्नेअरच्या वर साधारण मीटरभर उंचीवर, दुसरा ड्रमरच्या उजव्या हाताला, फ्लोअर टॉमच्या थोडा वर आणि हाय-हॅटकडे तोंड केलेला. तिसरा बास ड्रमपुढे आणि गरज भासल्यास चौथा स्नेअरजवळ. या मांडणीत जपायची गोष्ट एकच: पहिले दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून नेमक्या सारख्या अंतरावर हवेत.

सारख्या अंतराचा हा आग्रह कशासाठी? ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. दोन माइकांच्या अंतरात ८५ सेंटीमीटरचा फरक पडला, तर एकच आवाज त्यांच्यापर्यंत अडीच मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचतो. दोन्ही एकत्र केले की २०० हर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी परस्परांना मारतात, आणि स्नेअरचा भरीवपणा बहुतांशी तिथेच असतो. महागडा माइक असूनही आवाज डब्यासारखा येतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच. उपाय मात्र सुतळीचा. तिचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरावे, पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारावी आणि ती गाठ दुसऱ्या माइकला टेकेल असा त्याचा स्टँड सरकवावा.

दोनच इनपुट असतील, तर निवड करावी लागते. ठेका जोरकस हवा असेल तर एक माइक बास ड्रमला द्यावा आणि दुसरा ड्रमरच्या उजव्या खांद्यावरून स्नेअरकडे रोखावा. डावा-उजवा पसारा मिळत नाही, पण लोकलच्या गर्दीत मोबाइलवर गाणे ऐकणाऱ्याला तो फारसा जाणवतही नाही. दोन्ही मार्गिका एकत्र ऐकताना एकीची ध्रुवता उलटवून पाहावी. ज्या स्थितीत बास ड्रम भारदस्त वाटेल, ती ठेवावी. छोट्या मिक्सरमधून चार माइक दोन इनपुटांत घालता येतात खरे, पण तिथे झालेले मिश्रण नंतर सुटे करता येत नाही. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, हे खरेदीपूर्वीच पाहिलेले बरे.

माइक कमी, तितकी ड्रमरवरची जबाबदारी मोठी. झांजा जोरात आणि बास ड्रम दबकत वाजवणाऱ्याला नंतर कोणतेही बटण सावरू शकत नाही. आधी पृष्ठे नीट ताणून सूर जुळवावेत, झांजांवरचा हात हलका ठेवावा. मुद्रणाची पातळी सर्वांत जोरकस आघातालाही शिखराच्या दहा डेसिबल खाली राहील इतकी असावी.

खोलीचेही तसेच. सदनिकेच्या ठेंगण्या छतावरून आवाज लगेच परत येतो, म्हणून तिथे वरचा माइक छताजवळ नेऊ नये. ड्रमसेटखाली सतरंजी अंथरावी, मागच्या भिंतीला गाद्या टेकवाव्यात. शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र गाद्यांनी सुटत नाही: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ड्रमसेट ती सहज ओलांडतो. त्यामुळे बदलापूर गावात एखाद्या परिचिताच्या जुन्या कौलारू घराची ऐसपैस ओटी दुपारपुरती मिळाली, तर ती इमारतीतल्या खोलीपेक्षा सरस ठरावी. फक्त पावसाळा टाळावा. प्लॅस्टिकची पृष्ठे ढोलकीच्या कातड्यासारखी दमटपणाने सैल पडत नाहीत, पण छपरावरच्या सरींचा आवाज झांजांच्याच पट्टीत मिसळतो आणि तो वेगळा काढता येत नाही.